घोड्यावर बसू द्या, हमीचे पैसे मात्र देऊ नका

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. माझे यजमान ३६ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गच्चीवर कूलर चढवताना तोल गेला आणि खाली पडले. पाठीच्या डी-१० मणक्याला फ्रॅक्चर होतं, रॉड-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं. रिपोर्टवर 'एशिया ए' लिहिलं आहे. आता सोळा महिने झाले. व्हीलचेअरवर असतात. हात चांगले आहेत, दर चार तासांनी लघवीचं कॅथेटर स्वतःच करतात. रात्री पाय फार आखडतात, त्याच्या गोळ्या चालू आहेत. डिसेंबरात माकडहाडावर जखम झाली होती, ती भरली. वजन ७८ किलो.

हिंगणा रोडकडे एक गृहस्थ घोड्यावरची थेरपी देतात. चाळीस बैठकांचे साठ हजार, आणि 'पाय हलले नाहीत तर पैसे परत' म्हणतात. त्यांच्या व्हिडिओत घोड्यावर बसलेल्या मुलाचे पाय खरंच हलताना दिसतात. दहा हजार ॲडव्हान्स मागितला आहे. मी पाटल्या मोडायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, एकदा पडला तेवढं पुरे झालं. आणि हे काय म्हणतात ते ऐका: "मले घोड्यावर बसाचं आहे, पण त्याले इलाज नको म्हणू." सासऱ्यांचा टांगा होता, हे लहानपणापासून घोड्यांतच वाढले. मला यांचा राग येतो. इलाज नाही तर साठ हजार कशाला घालायचे? तुम्ही सांगा.

— एक वाचक, नागपूर

उत्तर

प्रिय भगिनी,

आधी ॲडव्हान्सचं सांगते: देऊ नका. घोड्यावर बसण्याला माझा विरोध नाही, विरोध आहे तो हमीला. ती हमी किती हुशारीनं बांधली आहे बघा. 'पाय हलले नाहीत तर पैसे परत.' अहो, तुमच्या यजमानांचे पाय तर आत्ताही हलतात! रात्री आखडतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पैसे परत करायची वेळ त्या गृहस्थांवर कधी येणारच नाही.

मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही. पण इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. स्नायू ताणला की आकसणं, हिसका बसला की उसळणं, हे त्याचं काम तो करतच राहतो, आणि वरून आवरणारं कुणी नसल्यानं जरा जास्तच करतो. आपण ज्याला पाय आखडणं म्हणतो, डॉक्टर ज्याला स्पॅझम म्हणतात, ते हेच. घोड्यावर बसताना मांड्या फाकतात, खालून दणके बसतात, आणि रात्रीचा तोच झटका दिवसाउजेडी कॅमेऱ्यासमोर येतो. त्या व्हिडिओतला मुलगा खोटा नसेल, त्याचे पायही खरंच हलले असतील. पण ते त्यानं हलवले का, हा प्रश्न आहे.

याची परीक्षा घरी दिवाणावर होते. त्यांना उताणं झोपवा, नजर छताकडे. उजव्या पायाचा अंगठा वर करा, आता थांबा, पुन्हा करा, असं सांगा. सांगितल्यावर हलला, थांब म्हटल्यावर थांबला आणि असं लागोपाठ तीनदा झालं, तर मला नव्हे, ताबडतोब डॉक्टरांना कळवा. एरवी पाय कितीही उडाला तरी तो झटकाच.

'एशिया ए' म्हणजे इजा पूर्ण. याचा निवाडा पायांवरून होत नाही, गुदद्वाराशी होतो. तिथे स्पर्श, दाब काहीच कळत नाही आणि आवळताही येत नाही, तेव्हा 'ए' लिहितात. तपासणी विचित्र वाटते, म्हणून घरचे त्याबद्दल विचारत नाहीत, आणि काही ठिकाणी ती घाईत उरकली जाते. तुमच्याकडचा रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतला असेल तर आता पुन्हा करून घ्या, कारण त्या दिवसांतलं चित्र पुढे बदलू शकतं. आजही 'ए'च आला, तर मात्र मनाची तयारी ठेवा. जी काही सुधारणा व्हायची ती मुख्यतः पहिल्या वर्षात होते. पूर्ण इजा असताना सोळा महिन्यांनी चालण्याइतकी ताकद परत येणं फार विरळा, आणि ती घोड्यामुळे आली असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

मग घोडा करतो तरी काय? बरंच करतो. घोडा सावकाश चालत असताना त्याची पाठ एकाच वेळी वर-खाली, डावी-उजवी आणि पुढे-मागे हलते. त्यावर बसलेल्या माणसाचं कंबरडं जवळपास तसंच हलतं, जसं आपण चालताना हलतं. मिनिटाला साधारण शंभर पावलं धरली, तर वीस मिनिटांत दोन हजार वेळा धडाला तोल सावरावा लागतो. डी-१० म्हणजे साधारण बेंबीची पातळी. तुमच्या यजमानांच्या पोटाचे वरचे स्नायू आणि पाठीचा बराच भाग शाबूत आहे, म्हणजे व्यायाम द्यायला धड आहे. बसल्या बसल्या वाकून खालची वस्तू उचलणं, एका हातानं डब्याचं झाकण काढताना न कलंडणं, खुर्चीतून पलंगावर सरकणं, या सगळ्याला तोच तोल लागतो. शिवाय मांड्या फाकवून उबदार अंगावर तालात बसलं की आखडलेले स्नायू सैलावतात.

यावर स्वित्झर्लंडमध्ये एक छोटा, पण नेटका अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूची इजा झालेले १२ जण होते, पायांत ऐच्छिक हालचाल नसलेले, म्हणजे तुमच्या यजमानांसारखेच. त्यांना आळीपाळीनं घोड्यावर, डुलणाऱ्या आसनावर आणि जाड गोल रोलवर बसवलं, आठवड्यातून दोनदा, चार-चार आठवडे. घोड्यावरून उतरल्यावर पायांचं आखडणं सगळ्यात जास्त कमी झालेलं आढळलं आणि मनालाही बरं वाटत होतं. पण ते तेवढ्यापुरतंच, पुढे टिकणारा फरक सापडला नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे. एखादी संध्याकाळ पाय मऊ राहतील, रात्री झोप लागेल, गडी खुशीत असेल. हे कमी नाही. पण साठ हजारांच्या चाळीस बैठका संपल्यावर गाठीला काय उरेल, तेही यातच आहे.

घोड्याच्या थेरपीवाले हमखास एक गोष्ट सांगतात, तुम्हालाही ऐकवली असेल. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत, ड्रेसाज या प्रकारात, रौप्यपदक मिळवलं. पुढच्या ऑलिम्पिकलाही मिळवलं. गोष्ट शंभर टक्के खरी. पण सांगणारे एक वाक्य गाळतात: त्यांना घोड्यावर चढवायला आणि उतरवायला शेवटपर्यंत माणूस लागत होता. घोड्यानं त्यांचे पाय परत दिले नाहीत. त्या उत्तम स्वार होत्या, लुळ्या पायांनीही उत्तम स्वार राहिल्या, एवढंच. शिवाय पोलिओत त्वचेची जाणीव शाबूत असते, ते तुमच्या घरचं प्रकरण नाही.

आणि ही जाणीवच खरी काळजीची बाब आहे. तुम्ही 'जखम भरली' असं एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मी तिथेच अडकले. माकडहाडावरची भरलेली जखम म्हणजे पूर्वीची त्वचा नव्हे, तो पातळ, ताणाला न टिकणारा व्रण असतो. घोड्यावर नुसता दाब नसतो, घासणंही असतं. दुखत नाही म्हणून कळत नाही, घरी येऊन पँट उतरवल्यावर कळतं, आणि पुढचे तीन महिने पालथं झोपून काढावे लागतात. तेव्हा तो व्रण आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं तरी पहिल्यांदा पाच-सात मिनिटांच्या वर नको. खोगिराऐवजी मेंढीच्या लोकरीची किंवा जेलची जाड गादी हवी. जीन्स घालू नका, तिच्या शिवणी आणि मागचे खिसे रुततात. खिशात किल्ल्या, मोबाइल काही नको. घरी आल्यावर आरशानं बूड, मांड्यांची आतली बाजू आणि घोटे बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर पुढची फेरी रद्द.

दुसरं, हाडं. पायांवर भार पडत नाही तेव्हा इजेच्या खालची हाडं पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच बरीच विरळ होतात, विशेषतः गुडघ्याच्या आसपास. खुर्चीवरून सरकताना पाय मुडपला तरी हाड मोडल्याची उदाहरणं आहेत. घोड्यावर टांग टाकताना चार पोरांनी पाय ओढला तर काय होईल, याचा विचार करा. काहींच्या खुब्याभोवती नको तिथे नवं हाड धरतं आणि सांधा उघडतच नाही. म्हणून खुब्यांचा आणि ऑपरेशनच्या जागेचा एक्स-रे, शक्य असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी, आणि रॉड-स्क्रू पक्के बसले आहेत, दणके चालतील, असं ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडून लेखी. तोंडी नको. फिजिओथेरपिस्टनं दिवाणावर हलक्या हातानं मांड्या फाकवून बघाव्यात. तिथे उघडत नसतील, तर घोड्यावर उघडणार नाहीत.

इजा डी-६ किंवा त्याच्या वर असलेल्यांसाठी (असे वाचकही हे सदर वाचतात) एक वेगळी सूचना. अशांचं ब्लडप्रेशर भरलेलं मूत्राशय, कोंडलेला मळ किंवा खालून रुतणारी वस्तू एवढ्यानंही अचानक चढतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम फुटतो. ते जिवावर बेतू शकतं. त्या पातळीची पूर्ण इजा असेल तर घोड्याचा विचार सोडून द्या. तुमचे यजमान डी-१० चे, त्यांना हा धोका तसा नाही. तरी निघण्यापूर्वी कॅथेटर करूनच जायचं.

आता जागा. तिथे एकदा तुम्ही दोघं जा, पण बसायला नको, बघायला. एखाद्या व्हीलचेअरवाल्याला चढवतात कसं, ते बघा. काखेत हात घालून चौघं उचलत असतील तर नमस्कार करून परत या. यजमानांचे खांदे हेच आता त्यांचे पाय आहेत, ते निखळले तर उरलंसुरलं स्वावलंबनही जाईल. चांगल्या ठिकाणी खुर्ची घोड्याच्या पाठीच्या उंचीला नेणारा उताराचा ओटा असतो. चालताना एक माणूस लगामाशी आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस मांडीवर हात ठेवून हवा, शिवाय फिजिओथेरपिस्ट. डोक्यावर हेल्मेट. आणि घोड्याला बांधायचं नाही, कधीच नाही! आपल्याकडे 'पडू नये म्हणून' दुपट्ट्यानं खोगिराला बांधतात, त्याइतकं घातक काही नाही. घोडा बिचकला, घसरला, तर बांधलेला माणूस त्याच्याखाली जातो. आधारासाठी माणसाच्या कमरेला पकडीचा पट्टा बांधतात, तो माणसालाच, घोड्याला नाही.

त्या गृहस्थांना विचारा, इथले फिजिओथेरपिस्ट कोण? नाव सांगितलं तर महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. विचारायला लाजू नका, साठ हजार मागताना ते लाजले नाहीत.

घोड्याचं तुम्हाला मी काय सांगू, तुमच्या घरात टांगेवाल्याचा मुलगा आहे. तरी हिशेब असा: घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं वाहावं, त्यापुढे नको. यजमान ७८ किलो, वर गादी-पट्टा. म्हणजे चारशे किलोंच्या वरचा, धट्टाकट्टा, शांत, वयानं पोक्त घोडा लागेल. वरातीत नाचणारी बारकी घोडी, जिच्या बरगड्या मोजता येतात, ती नको. तिचेही हाल आणि यांचेही. घोड्याची ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का विचारा. तो घोड्यांचा आजार माणसाला होतो. सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजचं शहर आहे आपलं, 'घोड्याचा डॉक्टर मिळत नाही' ही सबब नागपुरात चालू देऊ नका. यजमानांचं धनुर्वाताचं इंजेक्शनही वेळेवर हवं, तबेल्यात जायचंय.

घाई अजिबात नाही. आता ऑगस्ट आहे, मैदानात चिखल, घोड्याचा पाय घसरायचे दिवस. तपासण्या, सर्जनचं पत्र, जागा बघणं, यात दिवाळी येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी आठ-नऊची वेळ उत्तम. मार्च लागला की बंद. इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही, आणि नागपूरच्या उन्हाशी खेळायचं तर घाम लागतो. तोवर घरीच दोन गाद्यांची घट्ट गुंडाळी दिवाणावर बांधून त्यावर त्यांना दोन्हीकडे पाय सोडून, एक माणूस पुढे आणि एक मागे उभं राहून, थोडा वेळ बसवता येईल. पण ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून मगच. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, फिजिओथेरपी विभागात दाखवलंत तर हे शिकवतील, आणि ते साठ हजार मागणार नाहीत.

पाटल्या मोडू नका. त्यातून खर्च करायचाच असेल तर पहिली वस्तू चांगली हवेची किंवा जेलची व्हीलचेअर गादी, माकडहाडावर एकदा जखम होऊन गेलेल्या माणसाला ती औषधासारखीच आहे. दुसरा खर्च दारातल्या उताराचा, अजून केला नसेल तर. घोड्यासाठी फेरीगणिक पैसे द्या, चार-पाच फेऱ्या करून बघा. पॅकेज नाही.

आता तुमच्या रागाबद्दल. तुम्हाला वाटतं, इलाज नसेल तर खर्च वाया. मला वाटतं, यजमानांनी तुमच्या त्या गृहस्थांपेक्षा जास्त शास्त्रीय वाक्य उच्चारलं आहे. सोळा महिने त्यांच्या अंगाला जो कुणी हात लावतो तो इलाज म्हणून लावतो. अंघोळ इलाज, उठणं-बसणं इलाज, झोपसुद्धा कुशी बदलण्याच्या वेळापत्रकानं. त्यांना एक गोष्ट अशी हवी आहे जिचा रात्री हिशेब होणार नाही, 'आज अंगठा हलला का?' असं कुणी विचारणार नाही. तुम्ही साठ हजारांचा इलाज म्हणून नेलंत, तर पहिल्या फेरीपासून तुमची नजर त्यांच्या पायांवर राहील आणि त्यांची तुमच्या चेहऱ्यावर. मग चाळिसाव्या फेरीला तुम्ही दोघं काय घेऊन घरी याल? सिनेमाला जातो तसे जा. त्यातून पाय सैल झाले, पाठ ताठ झाली, तर ते वरचं.

आणि सर्जननं नाही म्हटलं, किंवा व्रण पाहून डॉक्टरांनी मनाई केली, तरी घोडा संपत नाही. खुर्चीत बसून खरारा करता येतो, आणि हात लांब करून घोड्याच्या पाठीवर फिरवताना धडाचा तोल सावरावाच लागतो. परदेशात अपंगांच्या घोडेस्वारीच्या संस्था स्वारीसोबत गाडी हाकायलाही शिकवतात. खुर्ची उतारावरून थेट गाडीत चढते, जागेवर पक्की होते, शेजारी जाणता माणूस बसतो आणि लगाम खुर्चीतल्या माणसाच्या हातात. त्याला पाय लागतच नाहीत, हात आणि डोकं लागतं. तुमच्या सासऱ्यांच्या ओळखीतल्या जुन्या टांगेवाल्यांपैकी, बग्गीवाल्यांपैकी कुणी असेल तर यजमानांनाच विचारा, त्यांना ठाऊक असणार. टांग्याचं बूड थोडं खाली आणून मागून उतार जोडणं चांगल्या वेल्डरला अशक्य नाही.

सासूबाईंना समजवायचं काम मात्र तुम्ही करू नका, ते त्यांच्या मुलाला करू द्या. एक्स-रे आणि सर्जनचं पत्र हाती आलं की त्यांनीच आईला दाखवावं, आणि जागा बघायला जाताना आईलाही गाडीत घ्यावं. टांगेवाल्याच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला घोड्याची नजर माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त कळते. घोडा बघून त्या नको म्हणाल्या, तर त्या घोड्यावर यजमानांना बसवू नका.